हद्दूच्या शेगडीची ओढ

हद्दूची शेगडी अझ्रूच्या बाजारातून माझ्याच ट्रकमधून वर डोंगरातल्या आमच्या गावात आली, म्हणून तिच्याबद्दल बोलायचा मला थोडा हक्क आहे. मागे मेंढ्या होत्या, कांद्याची पोती होती आणि मधोमध ही बया उभी. काळी कुळकुळीत, पोट सुटलेली, पाय आखूड. मेंढ्यासुद्धा तिच्यापासून अंग चोरून बसल्या होत्या.

खरं म्हणजे हद्दूला शेगडी नकोच होती. हवी होती ती इत्तोला, त्याच्या बायकोला. इत्तो गालिचे विणते. तिच्या हातच्या गाठी इतक्या घट्ट की सुरीचं टोक आत जाणार नाही. पण देवदाराच्या रानातून बर्फ खाली उतरलं की आमच्याकडे घरात बसूनही बोटांची लाकडं होतात. इत्तो मागासमोर बसून बोटांवर फुंकर घालायची, दोन गाठी मारायची, पुन्हा फुंकर.

"अहो, मिमूनकडे शेगडी आलीय," ती म्हणायची. "यामना घरात नुसत्या झग्यावर फिरते."

मिमून हा इत्तोचा धाकटा भाऊ आणि यामना त्याची बायको. त्यांचं घर हद्दूच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. मेहुण्याचं नाव निघालं की हद्दूच्या कपाळावर आठी पडायची.

"मिमूनकडे आहे ते माझ्याकडे असलंच पाहिजे, असं कुठं लिहिलंय?"

मग एकदा मशिदीच्या दाराशी, सगळ्यांच्या देखत, मिमूननं तोंड उघडलं. "दाजी, गारठलात तर या हो माझ्याकडे. शेगडीपाशी तुमच्यासाठी एक उशी वेगळी काढून ठेवलीय."

सगळे हसले. हद्दूही हसला, पण पुढच्या बाजाराला माझ्या ट्रकमध्ये सगळ्यात आधी तोच चढून बसला होता.

अझ्रूचा पत्र्याचं काम करणारा लोहार त्याला म्हणाला, "तुमच्या खोलीच्या मानानं ही फार मोठी होईल."

"माझ्या मेहुण्याकडे केवढी आहे?"

"मीच दिली त्याला. हिच्या निम्मी."

"मग हीच बांध."

शेगडी बसवायचं काम हद्दूनं कुणाला करू दिलं नाही. वर छप्पर फोडायला नको म्हणून त्यानं पाइप भिंतीतून बाहेर काढला आणि वळचणीच्या खालीच सोडून दिला. त्यासाठी पाइपाला दोन कोपरं घ्यावी लागली. एवढी मोठी शेगडी, तर तिची ऊब फुकट जायला नको, म्हणून दाराला आतून मेंढीचं कातडं ठोकलं, खिडकीच्या फटी चिखलानं लिंपल्या, आणि उंबऱ्यावरच्या फटीत लोकर भरलेली गोणपाटाची लांब वळकटी, दाराबरोबर सरकेल अशी, दाबून बसवली.

"आता या घरातून मुंगीसुद्धा बाहेर पडायची नाही," तो हात झटकत म्हणाला.

पहिल्यांदा पेटवली तेव्हा मी तिथंच होतो. तुदा आत्याही होती. ही हद्दूच्या बापाची बहीण. नवरा गेल्यापासून भाच्याकडेच असते. डोळ्यांना आता फक्त उजेड आणि सावली कळते, पण कान शाबूत आहेत आणि जिभेला तर अजून गंज चढलेला नाही. दार आणि शेगडी यांच्यामधल्या कोपऱ्यात तिचं आसन, हाताशी काठी. तिची तपकीर मी अझ्रूहून आणतो, त्यामुळे आमचं दोघांचं चांगलं जमतं.

हद्दूनं बिस्मिल्ला म्हणून काडी लावली. आधी नव्या रंगाचा घाण वास सुटला. मग दाराच्या फटीतून धूर आला, मग झाकणातून, मग पाइपाच्या प्रत्येक सांध्यातून. थोड्या वेळानं मला समोरची भिंत दिसेना.

कोपऱ्यातून आत्याचा आवाज आला. "अरे हद्दू, मेल्यावर माणसाला पुरतात रे! धुरी देऊन टिकवत नाहीत!"

"नवी आहे आत्या. रंग जळतोय."

दुसऱ्या दिवशी रंग जळून गेला होता, तरी धूर तेवढाच. "लाकडं ओली आहेत," हद्दू म्हणाला. त्यानं गोठ्याच्या माळ्यावरची दोन वर्षं सुकलेली ओकची लाकडं काढली. तरी धूर. "आज हवाच जड आहे," तो म्हणाला. इत्तोनं मागावर चादर टाकून ठेवली होती आणि ती स्वतः बाहेर बर्फात उभी राहून कणीक मळत होती.

गावानं सल्ले द्यायला कमी केलं नाही. कुणी म्हणालं विस्तवात मूठभर मीठ टाक. कुणी म्हणालं शेगडीचं तोंड पूर्वेला कर. सगळे आले, फक्त मिमून आला नाही. तो बोलावण्याची वाट बघत होता, आणि हद्दूनं घरात बजावून ठेवलं होतं की त्या माणसाला कुणी निरोप धाडायचा नाही.

शेवटी आत्याच काठी टेकत दारापर्यंत गेली आणि तिनं गल्लीभर ऐकू जाईल अशी हाक मारली. "मिमून! ए मिमून! डोळे तर गेलेच आहेत माझे, आता फुप्फुसं पण घालवू का?"

मिमून लगेच आला. इतक्या लगेच, की तो बूट घालूनच बसला असणार. आत न शिरता त्यानं घराला एक फेरी मारली, पाइपाकडे बघितलं आणि खुदकन हसला.

"दाजी, धुराला बाहेर जायचंय हो. तुम्ही त्याला दोनदा वळायला लावलंत. तो बिचारा विचारतोय, मुक्काम कुठल्या कोपरात करू?"

"पुढे बोल," हद्दू म्हणाला.

"आणि पाइपाचं तोंड वळचणीखाली. पश्चिमेचा वारा आढ्यावरून घसरतो तो सरळ तुमच्या पाइपात."

"एवढ्या गावात वाऱ्याला माझ्याच पाइपाचा पत्ता सापडला?"

"तुम्हीच दिलात. आणि हे सांधे बघा. वरच्या पाइपाचं टोक खालच्याच्या आत बसायला हवं. तुम्ही उलटं बसवलंय, म्हणून काजळीचं पाणी भिंतीवर ओघळतंय."

हद्दूनं तोंड उघडलं आणि त्याला खोकला आला.

दिवसभर दोघं छपरावर होते. मी खालून पाइप देत होतो. पत्रा कापून पाइप सरळ वर काढला, आढ्याच्याही वर नेला, त्याच्यावर पत्र्याची टोपी बसवली. मग मिमून खाली आला, पाइपाच्या बुडाचं साफसफाईचं छोटं दार उघडून त्यात त्यानं सुक्या गवताची पेटती वेणी सरकवली.

"आधी पाइपाला ऊब द्यायची," तो म्हणाला. "गार पाइप म्हणजे रुसलेली बायको. आधी गोड बोलावं लागतं."

"तू कुठं शिकलास हे?" इत्तोनं आतून विचारलं. "यामनाशी गोड बोलताना तर तुला कुणी ऐकलं नाही."

या वेळी फरक पडला खरा. धूर वर जायला लागला. पण अर्धाच. दार लावून घेतलं की ज्वाळा मान टाकायची आणि झाकणातून धुराची एक बारीक शेपूट बाहेर यायची. दोघं पुन्हा छपरावर. एक म्हणे पाइप वीतभर वाढवा, दुसरा म्हणे वीतभर कापा.

इत्तो चुलीकडून चहाचं तबक घेऊन आली आणि खांद्यानं दार ढकललं. त्याबरोबर शेगडीनं असा हुंकार दिला की आत्या दचकली. ज्वाळा ताठ उभी. दार मागे लागलं, पुन्हा मान खाली. इत्तोनं तबक ठेवलं, बाहेर गेली, आत आली, पुन्हा बाहेर गेली. मग अंगणात उभी राहून वर बघत म्हणाली, "अहो, दार उघडलं की पेटतेय बघा."

"दार उघडलं की गार वारा येतो, बाई!" वरून हद्दू ओरडला. "गार वाऱ्यानं चहा गार होतो. विस्तव पेटत नाही. जा, चहा ओत."

त्या दिवसात पहिल्यांदाच मिमूनला दाजींचं म्हणणं पटलं. "ताई, हे धुराच्या ओढीचं काम आहे. तुझ्यातलं नाही."

इत्तो आत गेली, दार लावलं, खाली बसली आणि उंबऱ्यावरची ती गोणपाटाची वळकटी एका बाजूनं हातभर ओढून काढली. शेगडीनं दीर्घ श्वास घ्यावा तसा आवाज झाला. पाइप गुणगुणायला लागला. झाकणातली धुराची शेपूट आत खेचली गेली.

छपरावरून एकच आरडाओरडा झाला.

"बघितलंत? मी म्हटलं होतं, टोपी तिरकी करा!"

"टोपी? अरे, मी पाइप फिरवला म्हणून!"

भांडत भांडत दोघं शिडीवरून उतरले आणि खाली आल्यावर एकमेकांना मिठी मारली. कोपऱ्यात आत्यानं पाय आखडून कांबळ्यात घेतले, कारण दाराखालून आलेला वारा तिच्या घोट्यांना लागला होता.  हे सगळं मला पुढे तिनंच सांगितलं, तपकिरीच्या एका डबीच्या बदल्यात.

मग काय, शेगडीला अशी ओढ लागली की धूर वर ओढला गेला आणि गाव आत. दुपारची नमाज झाली की पुरुषमंडळी आमच्या हद्दूकडे. मीही त्यात होतो, नाही म्हणत नाही. शेगडीचे गाल लाल व्हायचे, पत्ते निघायचे, हद्दू चिमटा हातात घेऊन सुलतानासारखा बसायचा आणि प्रत्येक लाकडाला नाव ठेवून आत टाकायचा. मिमून दुसऱ्या बाजूला. येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगायचा की दाजींनी काय चुका केल्या होत्या, आणि हद्दू सांगायचा की मेहुण्यानं पाइप नुसता धरला होता.

चहा ओतायला इत्तो. भाकरी, ऑलिव्ह, लोणी द्यायला इत्तो. साखरेच्या ढेपा फोडून फोडून तिच्या तळव्याला घट्टे पडले. आणि माग? मागाला पाठ टेकून माणसं बसत. एकदा तर कुणीतरी उभ्या धाग्यांवर आपले ओले मोजे वाळत घातले. ते मोजे माझे होते असं इत्तो म्हणते. मोजे सगळ्यांचेच सारखे असतात.

"अहो," ती एकदा हद्दूला म्हणाली, "शेगडी मागासाठी आणली होती ना?"

"घरात पाहुणा म्हणजे बरकत."

"बरकत चहा ओतत नाही. मी ओतते."

"तू फार मनाला लावून घेतेस," असं म्हणून हद्दू लाकडं आणायला गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सगळे जमलो. इत्तो चहा देऊन दाराशी गेली आणि मोठ्या मायेनं म्हणाली, "पाहुण्यांच्या पाठीला गार लागत असेल." आणि पायाच्या अंगठ्यानं तिनं वळकटी उंबऱ्याच्या फटीत नीट सरकवून बसवली. याला कोण नको म्हणणार? उलट एकानं तिला दुवा दिला.

थोड्या वेळात ज्वाळा पिवळी पडली. मग काळवंडली. झाकणातून धुराची शेपूट निघाली. डाव अर्ध्यात टाकून माणसं डोळे पुसत घरी गेली. हद्दू आणि मिमून शिडी घेऊन छपरावर. आत इत्तोनं वळकटी काढली, मागावरची चादर काढली आणि संध्याकाळपर्यंत तीन ओळी विणून टाकल्या. शेगडी तिच्याजवळ मांजरासारखी घुरघुरत होती.

असं चार-पाच दिवस चाललं असेल. मग आत्याला कंटाळा आला. तिचं सगळं जग म्हणजे कानावर पडेल ते. पुरुषमंडळी आली की कुणाची गाय व्याली, कुणाची सोयरीक मोडली, हे तिला बसल्या जागी कळायचं. आता माणसं आली की धूर, आणि धूर झाला की माणसं पसार. दिवसभर काय, तर मागाचा खटखट आवाज. आत्याला दिसत नव्हतं, पण घोट्यांना लागणारा वारा केव्हा थांबतो आणि त्यानंतर किती वेळात खोकला सुरू होतो, हे तिनं बरोबर ओळखलं होतं.

एके दिवशी मी अझ्रूहून ताज्या बातम्या आणि तपकीर घेऊन आलो. इत्तोनं मायेनं वळकटी सरकवली. ती पाठ वळवते तोच आत्यानं काठीच्या वाकड्या मुठीनं वळकटी अलगद ओढून घेतली. शेगडी धडधडून पेटली. इत्तोनं वळून पाहिलं. आत्या तोंडात बोट घालून हिरड्या चोळत होती.

तिथून त्या दोघींचं जे चाललं, ते आमच्यापैकी एकाही गाढवाच्या लक्षात आलं नाही. अंगठा सरकवायचा, काठी ओढायची. ज्याचा इत्तोला वीट आला होता तो आला की धूर. आत्याच्या आवडीचा आला की लख्ख विस्तव. दोघी एकमेकींशी त्याबद्दल अवाक्षर बोलत नव्हत्या. "आत्याबाई, पाय नीट झाकून घ्या," इत्तो म्हणायची. "तू माझ्या पायांची काळजी करू नकोस, सूनबाई," आत्या म्हणायची.

आणि पुरुष विचार करत होते. आधी वाऱ्याचा दोष निघाला. मग लाकडाचा. मग हद्दूच्या लक्षात आलं की शेगडी घरच्यांसमोर कधीच धूर करत नाही, फक्त पाहुण्यांसमोर करते, आणि तेही सगळ्या पाहुण्यांसमोर नाही.

तो मांडीवर थाप मारून म्हणाला, "नजर! आपल्यातल्या कुणाची तरी नजर वाईट आहे."

झालं. ज्याची नजर वाईट तो शोधायचा, तर एकेकानं आत यायचं, शेगडीपाशी बसून एक पेला चहा प्यायचा आणि बाहेर जायचं, असं ठरलं. हद्दू न्यायाधीशासारखा चिमटा घेऊन बसला. आम्ही अंगणात बर्फात रांगेनं उभे, लग्नातल्या नवऱ्या मुलींसारखे घाबरलेले. मी आत गेलो तेव्हा शेगडी छान पेटली. तपकीर वाया गेली नाही.

माझ्यानंतर एक जण गेला. जेवून उठल्यावरही बोलत बसणारा. इत्तोनं त्याच्यासाठी वळकटी सरकवली, आत्याला त्याची पडली नव्हती, आणि धूर झाला. तो खोकत बाहेर पडला. हद्दूनं दार सताड उघडून धूर घालवला, पुन्हा लावलं, आणि वळकटी पायानं पुन्हा जागच्या जागी दाबली. मघाशी इत्तोनं बसवली होती तशीच. त्याच वेळी घरातलं पाणी संपलं म्हणून इत्तो घागर घेऊन झऱ्यावर गेली. आत्याला बसल्या बसल्या डुलकी लागली.

आणि आत आला मिमून.

तो ऐटीत बसला. "दाजी, पहिल्या दिवशी मी नसतो तर..." एवढंच त्याचं बोलून झालं. झाकणातून धूर निघाला तो सरळ त्याच्या तोंडावर.

हद्दू ताडकन उठला. "सापडला!"

"दाजी, थट्टा पुरे."

"थट्टा कसली? तुझी शेगडी एवढीशी, माझी एवढी मोठी. माझी जळत नाही, कारण तू जळतोस!"

अंगणात आम्ही हसलो. हसलो नसतो तर बरं झालं असतं. मिमूननं पेला खाली ठेवला, चहाला ओठही लावले नव्हते. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा मी कधी बघितला नव्हता तसा झाला होता. फाटकापाशी इत्तो घागर घेऊन येत होती. तिच्याकडे न बघता, ताई न म्हणता, तो निघून गेला.

गावात अशी गोष्ट पाय फुटल्यासारखी पळते. दुसऱ्या दिवशी एका बाईनं मिमूनला येताना पाहून बाळाच्या तोंडावर पदर ओढला. कुणाच्या तरी कोंबड्या अंडी देईनाशा झाल्या, तेही त्याच्याच माथी. यामना झऱ्यावर आली की बोलणं थांबायचं. हद्दूकडे आता मिमून येत नव्हता, म्हणून सगळे आनंदानं येत होते, आणि इत्तोनं वळकटी बाजूला सारून ठेवली होती ती पुन्हा सरकवलीच नव्हती. शेगडी रात्रंदिवस सुरेख पेटत होती. हद्दू म्हणायचा, "बघा! गेला आणि धूरही गेला."

इत्तो मागावर बसायची पण हात चालायचा नाही. एका सकाळी, हद्दू जंगलात गेलेला असताना, ती आत्याजवळ येऊन बसली.

"आत्याबाई, मला काही सांगायचंय."

"वळकटीचं? ते मला माझ्या घोट्यांनी कधीच सांगितलंय."

"तुम्हीच काठीनं..."

"मीच. आणि त्या दिवशी मेली झोप लागली मला. नाहीतर तुझा भाऊ वाचला असता."

इत्तोचे डोळे भरून आले. "मी यांना सांगून टाकते सगळं. मारतील थोडेच."

"मारणार नाही, पण आयुष्यभर सांगत बसेल. आणि मिमूनचं नाव सुटायचं नाही. लोक म्हणतील, बहीण भावाला वाचवायला खोटं बोलते." आत्यानं काठी आपटली. "नजर आहे असं ठरवलंय ना त्यांनी? मग असू दे. फक्त ती कुणाची, ते आपण ठरवू."

"म्हणजे?"

"शुक्रवारी जेवायला कुसकुस कर. सगळ्यांना बोलाव. आणि तू दाराकडे फिरकू नकोस. दार माझं."

मिमूनला आणायचं काम माझ्याकडे आलं. "या वेळी तपकीर नको, साक्कू," आत्या मला म्हणाली. "मला मिमून आणून दे. सांग, म्हातारी शेवटचं बघायचं म्हणते."

"पण तुम्हाला दिसत नाही, आत्या."

"मग शेवटचं ऐकायचं म्हणते असं सांग. जा."

मिमून यायला तयार नव्हता. पण म्हातारीचा शब्द मोडणार कोण? शुक्रवारी नमाज झाल्यावर हद्दू मशिदीच्या दाराशी रेंगाळला, त्याला शेगडीची गोष्ट नव्यानं ऐकवायला एक पाहुणा मिळाला होता. तेवढ्यात मी मिमूनला आत आणून शेगडीला अगदी चिकटून बसवलं. बाकीचे सरकून बसले. दोघांनी तर तोंडावर रुमाल धरला.

काही झालं नाही. शेगडी धडाडून पेटत होती, पाइप गात होता. मिमून घाम पुसत होता. गावचा फकीह, मुलांना कुराण शिकवणारा, हळूच रुमाल खाली घेऊन म्हणाला, "हा तर इथं बसलाय. मग?"

तेवढ्यात हद्दू आला. मिमूनला बघून थबकला, पण आत्याच्या बोलावण्यावरून आलेल्या माणसाला काय म्हणणार? बूट काढून तो आपल्या जागेवर बसला आणि नेहमीसारखं शेगडीकडे टक लावून, मान तिरकी करून, नव्या नवरीकडे बघावं तसं बघायला लागला. आत्याची काठी हलकेच पुढे गेली.

ज्वाळा काळवंडली. धूर निघाला.

"मिमून!" हद्दू ओरडला.

"तो कधीचा बसलाय," फकीह म्हणाला. "तू आत्ता आलास."

"पाइपात काहीतरी अडकलंय," असं म्हणून हद्दू तणतणत बाहेर गेला. काठी मागे आली. शेगडी पुन्हा धडाडली. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. हद्दू छपरावर जाऊन आला, आत शिरला, बसला, बघितलं. पुन्हा धूर.

आता कुणाला हसू आवरेना. मिमून तोंडावर हात दाबून बसला होता, पण त्याचे खांदे हलत होते.

फकीहानं दाढी कुरवाळली. "हद्दू, या शेगडीकडे बघताना नजर लागू नये म्हणून तू तबारकल्ला म्हणतोस का?"

"माझीच शेगडी! मला कशाला म्हणायला लागतं?"

"इथंच चुकतोस. माणसाची स्वतःची नजर सगळ्यात आधी लागते. आवडत्या वस्तूला तर हमखास."

"लहानपणी पाण्यात स्वतःचं तोंड बघून बघून याला गालगुंड झालं होतं," कोपऱ्यातून आत्या म्हणाली. "मी तेव्हाच म्हटलं होतं."

हद्दू बिचारा एकदा शेगडीकडे बघे, एकदा आमच्याकडे. मग त्यानं झटकन शेगडीवरून नजर काढून घेतली, जणू भाजली.  मग उठला, मिमूनसमोर वाकला आणि त्याच्या डोक्याचं चुंबन घेतलं.

"मी मूर्खासारखं बोललो," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर बोललो, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो."

पण मिमून तो मिमूनच. "दाजी, तुमच्यासाठी ती उशी अजून आहे माझ्याकडे."

मग हद्दूनं स्वतःच्या हातानं त्याला चहा ओतला. तेव्हा इत्तो दाराआड उभी होती. मिमून चहा प्यायला आणि म्हणाला, "ताई, साखर कमी आहे." तेव्हा कुठं तिनं श्वास सोडला.

फकीहानं निकाल दिला तो असा. हद्दूनं यापुढे शेगडीकडे पाठ करून बसावं. आणि इतक्या मोठ्या शेगडीभोवती रोज इतक्या लोकांनी बसणंही बरं नाही, कौतुक झाल्याशिवाय राहत नाही. तेव्हा इथं शुक्रवारीच यावं. बाकीच्या दिवशी मिमूनकडे जमावं, कारण त्याच्या शेगडीचा कुणाला हेवा वाटण्यासारखं काहीच नाही. मिमूनला यावर खूश व्हावं की चिडावं ते कळेना. तो खूश झाला.

इत्तोचा माग सुरू झाला. दुपारी शेजारच्या बाया लोकर पिंजायला तिच्याकडे बसू लागल्या. काम करता करता त्या जे बोलायच्या त्यापुढे आमच्या पुरुषांच्या बातम्या म्हणजे पाणचट आमटी, असं आत्याचं मत. मला तपकीर आणायला सांगते, पण थांब म्हणत नाही आता. हद्दू संध्याकाळी घरी येतो, शेगडीकडे पाठ करून बसतो आणि पाठ भाजली की म्हणतो, "तबारकल्ला, कशी पेटलीय."

हिवाळा सरत आला तेव्हा एक दिवस यामना लोकरीची टोपली घेऊन इत्तोकडे आली. बाकीच्या बाया अजून यायच्या होत्या. ती बसली, पण लोकरीला हात लावला नाही. तिच्या तळव्याला घट्टे पडले होते.

"वन्सं, एक विचारू?"

"विचार की."

"रोज माणसं हो. दुपारपासून अंधार पडेपर्यंत. साखर फोडते, चहा ओतते, पुन्हा साखर फोडते. काल माझ्या उशीवर कुणीतरी बूट ठेवले होते." तिनं टोपली बाजूला सारली. "तुमची शेगडी मध्यंतरी धूर करायची ना? ती कशानं करायची?"

"नजरेनं," इत्तो म्हणाली.

"वन्सं!"

इत्तोनं हातातली गाठ घट्ट केली, धागा कापला. कोपऱ्यात आत्याचा हिरड्या चोळणारा हात थांबला होता.

"ये, अशी जवळ बस," इत्तो म्हणाली. "आणि आधी दार लाव."

पुढच्या बाजारच्या दिवशी ट्रक घेऊन वर येताना मला मिमूनच्या छपरावर, पाइपापाशी, दोन माणसं दिसली. दोघं एकाच वेळी बोलत होते आणि दोघंही हातवारे करत होते. मी भोंगा वाजवला. हद्दूनं वरून हात हलवला. इतका खूश तो अख्ख्या हिवाळ्यात दिसला नव्हता.